जागा धरून बसलेली गाडी

जनगणनेच्या घरयादीत विचारतात, घरात सायकल आहे का, स्कूटर-मोटारसायकल आहे का, कार-जीप आहे का? 2011 साली देशातल्या 100 घरांपैकी 21 घरांनी दुचाकीला 'हो' म्हटलं, कारला जेमतेम 5 घरांनी. गाडी जागची हलते का, हे मात्र कुणी विचारलं नाही. गिरगाव-लालबागची अब्रू वाचली. आमच्याकडे गाडी घेतात ती उभी करायला.

मुगभाटातला एक मालक बघा. रोज सकाळी खाली उतरतो, कव्हरवर वाळत घातलेल्या कुरडया अलगद बाजूला करतो, फडक्यानं काच पुसतो, बॅटरी उतरू नये म्हणून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतो आणि गाडी पुन्हा झाकून चर्नी रोड स्टेशनाकडे चालू लागतो. मेहुणीच्या लग्नाला डोंबिवलीला गेला तोही लोकलनं, बायकोच्या शालूसकट. गाडी का नाही नेलीत, असं विचारलं तर म्हणाला, "वेड लागलंय का? परत आल्यावर ठेवू कुठे?" ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 गिरगावाखालून धावू लागली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद यालाच झाला. गाडी काढायचं उरलंसुरलं निमित्तही गेलं!

नाइलाजानं काढावीच लागली, तर त्या जागी सिमेंट भरलेला रंगाचा डबा ठेवायचा, त्यात एक सळई उभी. कायद्यात या डब्याला काही किंमत नाही. गल्लीत मात्र त्याचं वजन सातबाऱ्याइतकं. डबा सरकवण्यावरून झालेली भांडणं मुलांच्या लग्नापर्यंत टिकतात.

मे 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं, की पार्किंगचा पुरावा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. जपाननं असा कायदा 1962 सालीच केला. तिथे जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत लागते आणि दाखला पोलीस ठाणं देतं. आपल्याकडे तो गणपती मंडळाच्या सेक्रेटरीनं द्यावा. गल्लीत मंडप किती फूट येतो आणि गाडी किती इंच उरते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? दाखल्यासोबत पावती मिळेलच, वर्गणीची.

खरी मौज चाळ पाडून टॉवर उठतो तिथे. पालिकेच्या नियमावलीत मोठ्या गाडीच्या पार्किंगचा चौकोन अडीच मीटर बाय साडेपाच, म्हणजे सुमारे 148 चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली होती 160 चौरस फुटांची. त्या खोलीत आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, गावाहून नोकरी शोधायला आलेला पुतण्या आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, असा सगळा संसार मावला. गाडी मात्र एकटी. तिला ना मोरी लागते, ना पोटमाळा, ना रात्रपाळीहून आलेल्याला झोपता यावं म्हणून कुणाला गॅलरीत जाऊन बसावं लागतं. आणि टॉवरात पहिले काही मजले तिचेच. माणसांची वस्ती त्याच्यावर सुरू होते. (गिरण्यांच्या संपानंतर पन्नाशीच्या आत घरी बसलेला कामगार हे बघतो तेव्हा काय म्हणतो, ते छापण्याजोगं नाही.)

स्थळं बघणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा. 'मुलाची स्वतःची गाडी' याला आता कुणी भुलत नाही, गाडी बँक देते. वधूपित्यानं विचारायचं ते पार्किंगचं. जमिनीवर आहे की यंत्राच्या पाळण्यात? पाळण्यात असेल तर वरच्या की खालच्या? वरच्या असेल, तर खालची गाडी हटल्याशिवाय जावईबापू बाहेर पडणार नाहीत. तेव्हा पत्रिका जुळवताना खालच्या मालकाचीही मागवून घ्यावी.