अणुभट्टीपेक्षा गुप्त अशा कार्यालयास

प्रति,
मा. जनसंपर्क अधिकारी महोदय,
विद्यापीठ (कुठलंही चालेल, पत्रकाचा मजकूर सगळीकडे सारखाच असतो)



पत्र ट्रॉम्बेहून लिहितो आहे. आमच्याकडे गुप्ततेची मोठी परंपरा आहे. शेजारीच भाभा अणुसंशोधन केंद्र. आत काय चालतं हे आम्ही विचारत नाही, आणि विचारलंच तर अणुऊर्जेचा कायदा पुढे उभा राहतो. तरी कळवायला खेद होतो की तुमच्यापुढे हे केंद्र फारच बोलघेवडं निघालं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी इथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, ती साऱ्या देशाला सांगून. किरणोत्सर्गाच्या तंत्राने इथे तयार झालेला टीएजी-२४ भुईमूग आणि टीएयू-१ उडीद शेतकरी नावानिशी मागून नेतात. गुपित राखायचा कायदेशीर हक्क ज्यांना आहे ते बियाण्याची माहिती बांधापर्यंत पोचवतात. तुमच्यामागे असा कुठलाही कायदा नाही. तरीही टीवायच्या पोराला निकालाची तारीख कळू न देण्याची तुमची निष्ठा पाहून ऊर भरून येतो.

२०१७चा पावसाळा म्हणजे तर तुमच्या कलेचा सुवर्णकाळ. मुंबई विद्यापीठाने सतराएक लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं, तेही ऐनवेळी. नवा विद्यापीठ कायदा सांगतो, निकाल ३० दिवसांत, फार झालं तर ४५ दिवसांत. कुलपती विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटून गेली. तपासणीसाठी प्राध्यापक अडकले, कॉलेजचे तास बुडाले. परदेशातले प्रवेश पदरात पडलेली मुलं मार्कशीटसाठी कलिन्याच्या आवारात खेटे घालत होती. आणि तुमच्याकडून आकडे येत होते: इतक्या तपासून झाल्या, इतक्या बाकी. एवढी अचूक आकडेवारी! फक्त मुलं विचारत होती ‘माझा निकाल कधी?’, तेवढं एक त्यात बसत नव्हतं. त्याच जुलैत विद्यापीठाला १६० वर्षं पूर्ण झाली. ऑगस्टमध्ये कुलगुरू संजय देशमुख सक्तीच्या रजेवर गेले, ऑक्टोबरमध्ये त्यांना पदावरूनच दूर करण्यात आलं. तांत्रिक अडचणींना मात्र कुणीही रजेवर पाठवलं नाही. त्या आजही तुमच्या पत्रकांत मानाने नांदताहेत.

आता तुमच्या घराण्याचा थोडा इतिहास. ऑक्टोबर १९०६मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. अपघात दडपायचे ही तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांची रीत. आयव्ही ली नावाच्या गृहस्थाने ती मोडली. काय घडलं ते लिहून थेट वर्तमानपत्रांच्या हाती दिलं आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते जसंच्या तसं छापलं. प्रसिद्धिपत्रकाची सुरुवात पुष्कळजण तिथून मोजतात. म्हणजे तुमचं हे हत्यार घडलं अपघाताच्या दिवशी, आणि तुम्ही ते बाहेर काढता दीपप्रज्वलनाच्या दिवशी. नॅकची श्रेणी मिळाली की गुण दोन दशांश स्थळांपर्यंत कळवता. परीक्षेचा पेपर पुढे गेला की मुलांना ते कळतं कुणाच्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर.

आमच्याच ४०००८८ पिनकोडात, देवनारला, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. १९३६ सालची. जून २०२४च्या शेवटच्या शुक्रवारी या संस्थेच्या शंभरावर कंत्राटी प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना कळवलं गेलं की ३० जूननंतर मुदतवाढ नाही. रविवार उजाडला, टाटा एज्युकेशन ट्रस्टकडून पैशाचं आश्वासन मिळालं आणि आधीची पत्रं मागे घेण्यात आली. दोन दिवसांत उलटू शकणारा निर्णय, आणि मध्ये शंभरावर घरांची झोप उडालेली. ‘साहेब, सोमवारपर्यंत थांबा, बाहेर लोक काय विचारतील त्याचं आपल्याकडे उत्तर नाही’ असं आतल्या बैठकीत सांगायचं काम कुणाचं, असा एक भाबडा प्रश्न मला पडला. माझ्या समजुतीप्रमाणे हे सांगणं तुमच्याच कामाचा अर्धा भाग, आणि जास्त अवघड भाग. पण त्यासाठी निर्णयाच्या वेळी खोलीत असावं लागतं. तुम्हाला बोलावतात ते नंतर, भिंत खचल्यावर रंग द्यायला.

(खरं तर इथे मला तुमची थोडी दया येते. परीक्षा विभागात काय चाललंय हे तुम्हालाही पत्रकारांच्या फोनवरूनच कळत असावं, असा माझा जुना संशय आहे. ‘माहिती घेऊन सांगतो’ हे तुमचं वाक्य इतकं कळवळून येतं की ते खोटं वाटत नाही.)

माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाची आठवण करून देऊ का? लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित सगळी माहिती द्यावी आणि ज्यांना झळ बसते त्यांना कारणं सांगावीत, असं ते २००५पासून सांगतं. कुणी अर्ज करायची वाट न बघता. ही अट तुमच्या वाचनातून सुटली असणार, कारण ती वर्तमानपत्राच्या कात्रणात नव्हती.

मागणी एकच. तुमच्या पत्रकाखाली ‘अधिक माहितीसाठी संपर्क’ म्हणून जो नंबर छापलेला असतो, तो नेमका कुठल्या टेबलावर वाजतो तेवढं पुढच्या पत्रकात कळवावं. तिथे कुणी बसत नसेल तर जागा रिकामी असल्याची जाहिरात द्यावी. आमच्या पायलीपाड्यात मास मीडिया शिकलेली पोरं नोकरी शोधताहेत. निकाल लागला की लगेच अर्ज करतील.

आपला नम्र,
ट्रॉम्बेचा एक रहिवासी