तीन नंबरमधला डाव

वहिनी, त्या चादरी राहू द्या तारेवर, जरा इकडे या. काल रात्री तीन नंबरमधून आवाज येत होते ना? भांडण नव्हतं हो ते. नवरा-बायको पत्ते खेळत होती. आपले पत्ते नव्हेत, मेंढीकोट नाही की बदाम सात नाही. 'मॅजिक: द गॅदरिंग' म्हणून खेळ आहे. माझा भाचा कॉलेजात असल्यापासून त्याच नादात, त्यामुळे ऐकून ऐकून मलाही चार गोष्टी कळतात. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितवाल्यानं काढला. आपल्याकडे बावन्न पानांचा एकच कॅट, त्यातूनच सगळ्यांना वाटायचं. इथं प्रत्येकानं किमान साठ पानांचा आपापला डेक घरून रचून आणायचा. म्हणजे हुकूमही घरूनच! तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "मग ज्याचा खिसा जड तो जिंकणार का?" ह्यानं काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. तेव्हाच त्यानं सावध व्हायला हवं होतं.

आणि शिकवायची तऱ्हा काय विचारू नका. मी त्यांच्याच ओट्यावर मटार सोलत बसले होते, सगळं डोळ्यांदेखत. अनटॅप, अपकीप, ड्रॉ, हे आधी का, ते नंतर का, कुठला अपवाद कधी. एकही पान हातात न देता अर्धा तास प्रवचन. मग खेळायला बसला तो स्वतःचा लाडका निळा डेक घेऊन. त्या निळ्या रंगाची खोडच अशी, की समोरच्यानं काही टाकलं की 'काउंटर' म्हणायचं आणि त्याचं पान टेबलावर उतरायच्या आत बाद करायचं. तिनं अस्वल टाकलं, काउंटर. राक्षस टाकला, काउंटर. वर हा हसतोय! शेवटी तिनं हातातली पानं खाली ठेवली. म्हणाली, "तूच खेळ, मी टाळ्या वाजवते."

भाचा म्हणतो, नवख्याला एकाच रंगाचा साधा डेक द्यावा, हिरवा नाहीतर लाल, नुसते प्राणी आणि मारामारी. पहिले दोन-तीन डाव दोघांची पानं उघडी ठेवावीत. शिकवणाऱ्यानं जिंकायचं नाही आणि हरायचंही नाही, नुसतं "आता तुझ्याकडे काय काय वाटा आहेत" एवढंच विचारत राहायचं. सांगितलं मी त्याला तसं, कुंपणावरूनच. ऐकलं बरं का, तेवढा गुण आहे पोरात.

मग हिरव्या डेकनं गाडी रुळावर आली. पण त्यात जमिनीची पानं असतात, साठातली चोवीसेक. ती मांडल्याशिवाय बाकीचं काही खेळताच येत नाही. हिच्या हातात सात पानं आणि एकही जमीन नाही! पुन्हा पिसली, पुन्हा तेच. म्हणाली, "सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर नाव नाही ते नाहीच, पत्त्यातसुद्धा जमीन येईना." सासूबाई आतच होत्या, वहिनी. चहा तासभर उशिरा आला.

बुद्धी मात्र तल्लख. त्या खेळात 'स्टॅक' म्हणून भानगड आहे. एकानं पान टाकलं, त्यावर दुसऱ्यानं, त्यावर पुन्हा पहिल्यानं, की जे शेवटी टाकलं ते आधी सुटतं. हा कागदावर बाण काढून समजावत बसला होता. ती म्हणाली, "पोळ्यांची चळत आहे ही. शेवटची लाटलेली पहिली ताटात." विषय संपला.

एकदा ह्यानं मुद्दाम हरून दाखवलं, तर दोन दिवस अबोला. समोर एवढा मोठा प्राणी उभा असताना ब्लॉक केला नाही, हे तिच्या लक्षात आलं ना! मला म्हणाली, "काकू, हरल्याचं काही नाही वाटत, पण मला दिसणार नाही असं ह्याला वाटलं कसं?" मला तर पटलं बाई.

पण खरी गंमत पुढेच. शिकवण्याच्या भरात ह्यानं पानावरची खूणही सांगितली. पानाच्या मध्यावर उजवीकडे छोटं चिन्ह असतं. काळं म्हणजे सर्रास मिळणारं, चंदेरी म्हणजे त्याहून कमी, सोनेरी दुर्मीळ, आणि केशरी असलं तर फारच दुर्मीळ. २००८ पासून आहे म्हणे ते केशरी. झालं! रविवारी दुपारी हा झोपला आणि हिनं कपाटातला त्याचा फोल्डर काढला. सोनेरी, सोनेरी, केशरी, सोनेरी. एका हातात फोल्डर, दुसऱ्या हातात मोबाइल, एकेका पानाचा भाव बघत बसली. एका जमिनीच्या पानात दोन गॅस सिलिंडर आले असते, आणि तसली चार-चार! एका नावाची चारच चालतात डेकमध्ये, नाहीतर आणखी घेतली असती. ऑफिसच्या पत्त्यावर पार्सलं का मागवायचा, तेही उघड झालं.

त्यानं सारवासारव काय केली माहितेय? म्हणाला, गारफील्डनं लग्नाची मागणीसुद्धा खास पान छापून घातली होती. ते खरंय, भाच्यानंही सांगितलं, 'प्रपोजल' नावाचं पान आहे तसं. ती म्हणाली, "तू कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणाला होतास."

पण तिनं फोल्डर विकायला लावला नाही हं. फक्त विचारलं, खिसा न बघता खेळता येतं असं काही आहे का? आहे. नवा संच बाजारात यायच्या आधी दुकानात स्पर्धा भरते, प्रीरिलीज म्हणतात. सगळ्यांना सहा-सहा बंद पाकिटं. तिथंच फोडायची, त्यातूनच चाळीस पानांचा डेक रचायचा. मागच्या शनिवारी सकाळची लोकल पकडून दोघं मुंबईला गेली, पोरगं दिवसभर माझ्याकडे. ती दोन फेऱ्या जिंकून आली, हा एक. स्टेशनवरून येताना रिक्षात ह्याच्या तोंडून शब्द नव्हता, असं तीच सांगत होती.

आता माझ्या मागे लागलीय, "काकू, तुम्ही बसा, मी शिकवते." बसेन म्हटलं. पण तुझ्या नवऱ्यासमोर नाही. तो काउंटर म्हणतो आणि वर हसतो.