भिजायला भाजे

पावसाळी रविवारी मळवली स्टेशनवर उतरणारी झुंड भाज्याला जाते ती भिजायला आणि कांदाभजी खायला. वर सुमारे २२०० वर्षांपूर्वीची लेणी आहेत, हे अनेकांना तिकीटखिडकीशीच कळतं. मग प्रश्न : "आत बघायला काय आहे?"

चैत्यगृहाच्या कमानदार छताला मूळ लाकडी फासळ्या अजून आहेत. पण सेल्फीसाठी वाकडी केलेली मान वर कशी जाणार? पलीकडच्या विहारात सूर्याचा रथ कोरलाय. तिथं गर्दी नाही. शिल्पकलेची परंपरा मात्र खंडित नाही : भिंतींवर बदाम, बाण आणि आद्याक्षरं कोरणारे कलावंत आजही निष्ठेनं राबतात. जुन्यांनी निदान आपली नावं दगडावर मारण्याआधी दान तरी दिलं होतं.

भजी संपली की हात पुसून एकदा वर या. भिंतीला नव्हे, रुमालाला.