चिंतेला वास

फिट आली की कांदा हुंगवायचा जमाना गेला. लखनौच्या गोमती नगरातल्या आमच्या मराठी बिऱ्हाडात हल्ली चिंतेला लॅव्हेंडर हुंगवतात. जर्मनीत अस्वस्थतेवर लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल मिळते, तिच्या चाचण्याही झाल्यात. पण ती गिळायची असते, एवढं डिफ्यूझर विकणारा सांगत नाही. लखनौतच सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणारी ‘सीमॅप’ ही संस्था आहे. पलीकडे कनौजच्या भट्ट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या अत्तरासाठी गुलाब उकळतोय. तरी आमच्या वहिनींना कुपी फ्रान्सचीच लागते! परवा त्यांनी दिवा मंद केला, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. तेवढ्यात फ्लॅटचा हप्ता थकल्याचा मेसेज वाजला. खोली मात्र छान दरवळत होती.