धाटाची बैलगाडी : अंमलबजावणीबाबत परिपत्रक

हदगाव तालुक्यातील तमाम आई-बाप, आजी-आजोबा व सुट्टीत आलेले मामा यांना कळविण्यात येते की, लेकरांना 'अवकाशीय बुद्धी' नावाची एक बुद्धी असते आणि ती वाढविणे आता निकडीचे झाले आहे. कुठली वस्तू कशात मावेल, उलटी केल्यावर कशी दिसेल, शेतातल्या आखाड्यावर कुठल्या वाटेने जावे, हे जिच्यामुळे कळते ती ही.

नांदेडहून महागडे रंगीत ठोकळे आणणे हा एक मार्ग आहे. ठोकळ्यांना आमचा विरोध नाही. फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थांनी 1837 साली बालशिक्षणाचे काम मांडले, त्यातही लाकडी ठोकळे होतेच. मात्र खोक्यावरचे चित्र पाहून बाबांनी मनोरा रचायचा आणि लेकराने टाळ्या वाजवायच्या, याने बाबांची बुद्धी वाढते. तीही वाढायला हवी, पण तो आजचा विषय नाही.

आजचा विषय धाटाची बैलगाडी. साहित्य : कडब्याच्या गंजीतली ज्वारीची दोन वाळकी धाटे. गंजीच्या मालकाची परवानगी घ्यावी. न मिळाल्यास तो जेवायला बसेपर्यंत थांबावे. सालटाची कड बोट कापते, सबब सोलण्याचे काम मोठ्या माणसाने करावे आणि त्यानंतर हात मागे बांधून बसावे. संपूर्ण प्रक्रियेत हीच पायरी अवघड आहे. आतला पांढरा गाभा बोटभर तोडला की साटी होते, सालटाची काडी आरपार खुपसली की आस, गाभ्याच्या चकत्या म्हणजे चाके. एक चाक अधांतरी राहील. राहू द्यावे. काडी तिरपी गेली म्हणून असे झाले, हे लेकराने भुईवर गाल टेकून, एक डोळा मिटून स्वतः शोधायचे असते. "अरे, तसं न्हाई!" हे वाक्य उच्चारण्यास या काळात सक्त मनाई आहे.

तोंड मात्र बंद ठेवू नये. ज्या घरात उंच, वाकडं, कोपरा, कड असे शब्द जास्त कानावर पडतात तिथली लेकरं ते जास्त बोलतात, आणि असे शब्द जास्त बोलणारी लेकरं साडेचार वर्षांची झाल्यावर आकारांची कोडी चांगली सोडवतात, असे शिकागोच्या संशोधकांनी 2011 साली मांडले. आपल्याकडे हे काम आज्जी विनामूल्य करते : "बापू, उतरंडीच्या मागं, पालथ्या तांब्याच्या उगवतीकडं काडीपेटी हाय, आण बरं." अशा आज्जीच्या हाती मोबाइल देऊ नये. दिल्यास ती "ते तिथलं ते आण" एवढ्यावर येते.

पोळ्याला बाजारातून बैल आणू नयेत. चिखलाच्या बैलाचे वशिंड लेकराने मानेऐवजी शेपटीपाशी बसवल्यास पूजा त्याच बैलाची करावी.

शेवटची परीक्षा : आखाड्यावरून घरी येताना लेकराला पुढे चालू द्यावे आणि वाट चुकले तरी लगेच सांगू नये. पैनगंगा दिसू लागताच मात्र हाक मारावी. पलीकडे उमरखेड, म्हणजे यवतमाळ जिल्हा. तिथे हे परिपत्रक लागू नाही.