अजून एक फोटो बसेल

पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या एसटी स्टँडवर वडापाव खात उभ्या असलेल्या कुठल्याही चार पोरांना विचारा, "इथं पोस्टर कोण बनवतं?" तिघं चौथ्याकडे बोट दाखवतील आणि चौथा लाजून मोबाइल खिशातून बाहेर काढेल. त्याला दुकान नाही, टेबल नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. काच तडकलेला फोन आणि त्यात पिक्सेललॅब, एवढंच भांडवल. तरी तो आपल्या नावापुढे 'ग्राफिक्स' लावतो, मागच्या पिढीतले दुकानदार 'अँड सन्स' लावायचे तसं. गाव त्याला 'एडिटर' म्हणतं. संपादकांनी राग मानू नये.

एडिटरचं सगळं शिक्षण यूट्यूबवर. तिथले मराठी गुरुजी तयार डिझाइनची पीएलपी फाइल फुकट वाटतात, पण तिचा पासवर्ड व्हिडिओच्या मध्येच कुठेतरी, कोपऱ्यात, दोन सेकंद दाखवतात. शेजारच्या मोखाड्यातल्या ज्या पाड्यावर टेकाड चढल्याशिवाय रेंज येत नाही, तिथल्या पोराची हीच प्रवेश परीक्षा. व्हिडिओ नेमका त्याच दोन सेकंदांना अडून गोल गोल फिरत बसतो. या परीक्षेत जो पास झाला, त्याला पुढे कुठलंही गिऱ्हाईक घाबरवू शकत नाही.

फॉन्ट हा दुसरा घाट. श्रीलिपीची वळणं त्याला फार आवडतात, पण मोबाइलवर टाइप केलेला मजकूर तिच्यात तसाच टाकला की 'सरपंच'च्या जागी कंस, टिंबं आणि वाट चुकलेले काने उगवतात. मग कन्व्हर्टर शोधा. दुसऱ्या एखाद्या फुकटच्या फॉन्टात जोडाक्षरंच नसतात. त्यात 'जव्हार'चा 'व्' पाय मोडून एकीकडे पडतो आणि दुसरीकडे ठळक, लाल, सोनेरी किनारीचा 'हार' उरतो. ऐन निवडणुकीत असं पोस्टर आलं की उमेदवार आधी एडिटरचा पक्ष विचारतो.

पण हे सगळं तंत्र झालं. एडिटरची खरी विद्या माणसं बसवण्याची. वाढदिवसाचं पोस्टर घ्या. मध्ये गॉगल लावलेला उत्सवमूर्ती, मागे जय विलास राजवाडा, वर महापुरुष, त्यांच्याखाली नेते, तळाला शुभेच्छुकांची गोल चेहऱ्यांची रांग. एवढं होऊन राजवाड्याच्या घुमटाशेजारी जरा निळं आभाळ उरलेलं असतं. गिऱ्हाइकाची नजर नेमकी तिथेच जाते.

"दादा, इथं जागा मोकळी दिसते."

"ते आभाळ आहे."

"हां, मग तिथं मेव्हण्याचा फोटो टाक ना."

आभाळ जातं, मेव्हणा येतो. मग दोन शुभेच्छुकांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून एकाला या टोकाला आणि दुसऱ्याला त्या टोकाला बसवायचं. पोस्टर ग्रुपवर पडलं की दोघंही बोटांनी झूम करून स्वतःचा चेहरा मोठा आहे की त्याचा, हे ताडून पाहतात. म्हणून एडिटर सगळे गोल एकाच मापाचे ठेवतो. एकदा कुणाचे केस गोलाबाहेर आले तर मानपानाचा प्रश्न उभा राहतो.

हे त्याला कुणी शिकवलं? माझं मत विचाराल तर बोहाड्यानं. उन्हाळ्यात मोखाडा-जव्हारच्या गावांमधून रात्रभर बोहाडा चालतो. संबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं, कोणतं सोंग कोणत्या घराचं हे ठरलेलं असतं, आणि ठरलेला क्रम कुणी मोडत नाही. शेवटी देवी येते आणि महिषासुराला मारते. मुखवट्यांचे रंग लांबून, अंधारातून ओळखू आले पाहिजेत, म्हणून ते लाल, पिवळे, हिरवे, झगझगीत. लहानपणापासून हे बघत आलेल्या पोराला "फिक्या रंगात खानदानीपणा असतो" हे पटवायला पुण्याहून कुणी येऊ नये.

पोस्टर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकायला परवानगी लागत नाही, ही एक सोय. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ साली कडक निकाल दिला. व्हॉट्सअ‍ॅपवरचा वाढदिवस मात्र चोवीस तासांत आपोआप उतरतो. जो फ्लेक्स छापलाच जातो, तोही वाया जात नाही. पावसाच्या आधी तो कुणाच्या तरी कुडाच्या घरावर चढतो, आणि भावी आमदार पहिल्यांदाच कुणाच्या तरी डोक्यावर खरोखर छत्र धरतात.

कामाचे हंगाम ठरलेले. थंडीत टेनिस बॉलच्या स्पर्धा, त्यांच्या पोस्टरवर चषकाच्या बाजूला बक्षिसाचा बोकड. बोकडाचा फोटो कापताना शिंगांना जितका वेळ लागतो तितका कप्तानाला लागत नाही. मे महिन्यात लग्नं. श्रद्धांजलीला हंगाम नसतो, फोटो मात्र संग्रहात असतील तेच वापरायचे, म्हणून शोकाकुल मित्रमंडळही गॉगलातच. आणि टंचाईत टँकर. मुंबईला पाणी पाजणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातलंच, पण एप्रिल-मेमध्ये इथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. टँकर आला की माननीयांच्या आभाराचं पोस्टर. एडिटरजवळ पाण्याचा चांगला फोटो एकच असतो, दाभोसा धबधब्याचा, भर पावसातला. त्यामुळे रिकाम्या हंड्यांच्या रांगेमागे दाभोसा धो धो कोसळत असतो. त्यात त्याला काही खटकत नाही. माननीयांनाही नाही.

सगळ्यात मोठी धांदल ९ ऑगस्टची. आदिवासी दिनाला प्रत्येक पाड्याला, प्रत्येक मंडळाला आपलं वेगळं पोस्टर हवं असतं, आणि प्रत्येकावर वारली चित्र हवंच. गंमत अशी की, हे चित्र एडिटर इंटरनेटवरून 'वारली पीएनजी' म्हणून उतरवून घेतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच जिल्ह्यातल्या कलेसाठी. आणि एडिटरच्या स्वतःच्या घरी, लग्नाच्या भिंतीवर गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठानं चौक काढणारी आजी आहे. रंग दोनच, आणि मोकळ्या जागेला ती हात लावत नाही. पण आजी काही पीएनजी नाही.

माझ्या ओळखीतल्या एका एडिटरनं असंच तारपा नाचाचं वेटोळं उतरवून घेतलं. वेटोळ्याच्या मध्यभागी तारपा वाजवणारा असतो, त्याच्याभोवती सगळा नाच फिरतो. एडिटरच्या दृष्टीनं ती पोस्टरमधली सगळ्यात मोक्याची जागा. त्यानं तारपेवाला पुसला आणि तिथं पांढऱ्या खादीतले, हात जोडलेले भाऊसाहेब बसवले. रात्री आजीनं चष्मा लावून फोन हातात घेतला, नाचणाऱ्या बाया पाहिल्या, मग मधला माणूस पाहिला.

"हा काय वाजवतो रं?"

"वाजवत नाय आजी, पैसे देणार आहे."

पैसे अजून आलेले नाहीत. पोस्टर मात्र भाऊसाहेबांना पसंत पडलं. फक्त तळाला चार बाया कमी करून तिथं युवा आघाडी बसेल का, एवढंच त्यांनी विचारलंय.