पर्जन्यराव आणि चिखलकाला

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात पहिली सर आली की बहुतेक माणसं दोरीवरचे कपडे काढायला धावतात. पर्जन्यराव खिडकीशी जातात. कपडे काढण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

पर्जन्यराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. प्रत्येक सोसायटीत असे एक निवृत्त गृहस्थ असतात. बाल्कनीला सरकत्या काचा, काचेआड वेताची खुर्ची, खुर्चीशेजारी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. पुस्तकातली खूण बरीच वर्षं आषाढावरच अडकलेली आहे. श्रावणापर्यंत पोचायचा योग काही येत नाही, कारण दोन पानं होतात न होतात तोच भजी येतात.

आषाढाच्या पहिल्या दिवशी, कालिदासदिनाला, ते सगळ्या भाच्यांना आणि भाच्यांच्या सासरच्यांनाही ‘मेघदूता’ची आठवण करून देतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी मेघदूताचा मराठी अनुवाद केला, हे सांगताना त्यांचा ऊर विशेष भरून येतो. पर्जन्यरावांची उभी हयातही बँकेतच गेली. कर्जवसुली विभागात.

हवामान खात्याच्या हिशेबाने चोवीस तासांत किमान २.५ मिलिमीटर पडला, तरच तो ‘पावसाचा दिवस’. पर्जन्यरावांना एवढा धीर धरवत नाही. आभाळ भरून आलं की त्यांचा पावसाचा दिवस सुरू होतो आणि स्वयंपाकघरात कढई चढते. त्याच खात्याच्या लेखी ६४.५ मिलिमीटरपासून पाऊस ‘जोरदार’ ठरतो. ही रेघ मात्र पर्जन्यराव काटेकोर पाळतात. तिच्या अलीकडे ते चिंतन करतात; ती ओलांडली, पार्किंगमध्ये पाणी शिरलं, की नगरसेवकाला फोन लावतात.

चिंतनाचे विषय ठरलेले. मातीचा वास, आजोळची कौलं, हल्लीच्या मुलांना कागदी होड्या करता येत नाहीत. (त्यांनाही येत नाहीत, गेल्या वर्षी नातीने करून दाखवली.) पंचांगात नक्षत्राचं वाहन काय दिलंय ते पाहून ते पावसाचं भाकीत करतात. वाहन बेडूक किंवा म्हैस असेल तर बरसणार, गाढव असेल तर रडत-रखडत. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे ते दर जुलैत नव्याने सांगतात. श्रोते तेच असतात.

सुनेचं माहेर गोव्यातलं, फोंडा तालुक्यातल्या माशेलचं. चार पावसाळे ऐकून घेतल्यावर एका जुलैत ती म्हणाली, “बाबा, एवढा पाऊस आवडतो तुम्हाला, तर यंदा आमच्याकडे चिखलकाल्याला चला.” पर्जन्यरावांनी ‘काला’ हा शब्द तेवढा ऐकला. ‘चिखल’ बहुधा अलंकारिक असावा, असा त्यांचा समज झाला.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरापुढच्या मैदानात हा उत्सव होतो. देवकीसोबत बाळकृष्ण पूजला जातो अशी देवळं फार थोडी. हे दैवत मूळचं चोडण बेटावरचं; पोर्तुगीज काळात ते आधी मयेला आणि तिथून माशेलला आलं. काल्याच्या दिवशी गावची पोरं-बापये अंगाला तेल चोपडून, विठ्ठलाचा गजर करत मैदानात उतरतात आणि कृष्णाने सवंगड्यांबरोबर जे केलं असेल ते सगळं करतात. चेंडूफळी खेळतात, एकमेकांना लोळवतात, तंगडीला धरून ओढतात. जुलैतला गोव्याचा पाऊस मैदान आयतंच तयार करून ठेवतो. शेवटी दहीहंडी. अलीकडे गोव्याचं पर्यटन खातंही याची जाहिरात करतं, त्यामुळे कॅमेरेवाल्यांची गर्दी वाढली आहे.

पर्जन्यराव या मंगल प्रसंगी पांढरी पँट घालून आले. वर विंडचीटर, हातात लांब दांड्याची छत्री, गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात सीलबंद फोन आणि पायात मुलाने अमेरिकेहून पाठवलेले बूट. पाणबुड्यादेखील इतक्या तयारीने समुद्रात उतरत नसेल.

आदल्या संध्याकाळी सुनेच्या आजीशी त्यांचा संवाद झाला होता. पागोळ्यांकडे बघत त्यांनी विचारलं, “आजी, पाऊस पाहिला की तुम्हाला काय वाटतं हो?” आजींनी बराच विचार केला आणि सोडणं सुकी राहिली आहेत का, एवढंच घरात ओरडून विचारलं. नारळाची ती सोडणं चुलीला लागतात. आजींचा पावसाळा मे महिन्यातच सुरू होतो, पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरण्यापासून. सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), आमसुलं, मिरच्या, कांद्याच्या माळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, मग ताज्या मासळीचे वांधे; त्याची तजवीज आधी करायची. पर्जन्यरावांनी यातून ‘ग्रामीण स्त्रीचं पावसाशी असलेलं मूक नातं’ असा मुद्दा वहीत टिपला. आजी मूक वगैरे मुळीच नव्हत्या. नंतर सुक्या सुंगटांच्या भावावर त्या अर्धा तास बोलल्या, पण त्या वेळी वही मिटलेली होती.

मैदानाच्या कडेला पर्जन्यरावांनी बरोबर हिशेब करून जागा धरली. फोटो मिळेल आणि शिंतोडे येणार नाहीत, अशी. हिशेबात पोरं धरायची राहिली. आठ-दहा वर्षांचा एक मुलगा, ज्याचे फक्त डोळे आणि दात तेवढे स्वच्छ होते, समोर येऊन उभा राहिला. “अंकल, येयात!” पर्जन्यराव हसून म्हणाले, “नको बाळ, मी इथूनच आनंद घेतोय.” मुलाला मराठी समजलं असावं, पटलं नाही. त्याने छत्रीचं दुसरं टोक धरलं. छत्री महागाची, सोडवत नव्हती. मग छत्री गेली आणि तिच्यामागोमाग पर्जन्यरावही.

पुढची दहा मिनिटं सुनेच्या मोबाइलवर आहेत. सुरुवातीला पर्जन्यराव पँट सावरताना दिसतात. मग सावरण्यासारखं काही उरत नाही. कुणीतरी त्यांना चेंडूफळीच्या घोळक्यात ढकलतं, ते बसतात, उठतात, पुन्हा बसतात. एक धिप्पाड बापया त्यांच्या पाठीवर लपकन चिखल थापतो आणि म्हणतो, “लागूं दी मरे!” शेवटी पर्जन्यराव ओंजळभर चिखल उचलून सुनेच्या वडिलांच्या, म्हणजे साक्षात व्याह्यांच्या, डोक्यावर ठेवताना दिसतात. त्या दहा मिनिटांत त्यांनी पावसाविषयी एकही वाक्य उच्चारलेलं नाही. कुटुंबाच्या मते हा विक्रम आहे.

पुण्याला परतल्यावर त्यांनी ‘चिखल : एक चिंतन’ हा लेख लिहायला घेतला. एका दिवाळी अंकाने तो साभार परत केला. तसं पाहिलं तर सुनेचं ते चित्रीकरण लेखापेक्षा कितीतरी सरस आहे आणि सोसायटीत सगळ्यांचं पाहूनही झालं आहे.

तुमच्या घरीही असे एक पर्जन्यराव असतीलच. अधिक महिना आल्याने २०२६ मध्ये आषाढी एकादशी २५ जुलैला आहे, म्हणजे काला पुष्याच्या म्हाताऱ्या पावसात. त्यांना घेऊन माशेलला जरूर जा. फक्त पांढरी पँट आदल्या रात्रीच बॅगेतून काढून ठेवा, छत्री लपवा आणि काल्यानंतर अंगावर ओतायला विहिरीचं पाणी कुणाकडे मिळेल, ते आधी विचारून ठेवा.